मैलागाळ व्यवस्थापन, ग्रामीण
मैलागाळ व्यवस्थापन, ग्रामीण : घरगुती शौचालयाच्या सेप्टिक टाकीत साचलेला गाळ ठरावीक काळाने यंत्राने उपसणे, बंद टँकरमधून नेणे आणि प्रक्रिया करून त्याची निर्धोक विल्हेवाट लावणे. भुयारी गटार नसलेल्या गावात शौचालय बांधून स्वच्छतेचे निम्मेच काम होते; उरलेले निम्मे या उपशावर अवलंबून असते.

टाकीतील क्रिया : टाकीत मैल्याचे तीन थर होतात. जड भाग तळाशी बसतो, तेलकट व हलका भाग वर साय धरतो आणि मधले पाणी बाहेर पडून शोषखड्ड्यात जिरते. प्राणवायूविना जगणारे जीवाणू तळचा गाळ कुजवतात. त्याने गाळ घटतो, पण संपत नाही. तो वाढत गेला की पाणी निवळायला जागा उरत नाही, घाण शोषखड्ड्यात जाते आणि मातीची छिद्रे बुजतात. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून निदान 18 मीटर दूर असावा, असे भारतीय मानक 2470 सांगते.

उपशाची वेळ : सर्वसाधारण नियम दोन ते तीन वर्षांनी एकदा उपशाचा आहे. ‘आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही’ असे गावोगाव अभिमानाने सांगितले जाते. प्रत्यक्षात अशा टाकीचा तळ बहुधा कच्चा असतो किंवा तिची नळी थेट गटारात सोडलेली असते. टाकीत न साचलेला मैला भूजलात किंवा ओढ्यात गेलेला असतो. गाळ मोजण्यासाठी लांब बांबूला पांढरे कापड गुंडाळून तो झाकणातून तळापर्यंत सोडतात व थोड्या वेळाने सावकाश वर काढतात. कापडावरचा काळा, चिकट पट्टा गाळाची उंची दाखवतो. हा पट्टा पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याला पोचला की उपसा करावा. बाजारातील पावडरी टाकून उपसा टळत नाही.

उपशाची रीत : झाकणे उघडून टाकी वाऱ्यावर ठेवतात, जवळ काडी ओढू नये, विडी पेटवू नये. व्हॅक्युम पंपाच्या नळीने गाळ टँकरमध्ये ओढतात. अरुंद गल्ल्यांत ट्रॅक्टरवरची लहान टाकी सोयीची पडते. जीवाणूंचे विरजण म्हणून तळाशी थोडा गाळ राखतात. भर पावसाळ्यात उपसा टाळावा. भूजल वर आलेले असताना रिकामी, हलकी टाकी उचलली जाऊ शकते.

टाकीत कोणीही उतरू नये. हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू आणि प्राणवायूचा अभाव यांमुळे माणूस क्षणांत बेशुद्ध पडतो. त्याला वाचवायला उतरलेलाही दगावतो. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईसाठी माणूस लावणे गुन्हा ठरवले. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख रुपये ठरवली.

विल्हेवाट : ओला गाळ शेतात, ओढ्यात किंवा माळावर ओतणे घातक आहे. त्यातील जंतांची अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात. वाळू-खडीच्या वाफ्यांवर गाळ वाळवणे, वस्ती व विहिरींपासून दूर खोल चर खणून पुरणे किंवा जवळच्या शहराच्या प्रक्रिया केंद्रात देणे हे मार्ग आहेत. पूर्ण प्रक्रिया झालेलाच गाळ खत म्हणून वापरावा. दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयाची गोष्ट वेगळी : भरलेला खड्डा बंद करून दुसरा वापरला, तर सुमारे दोन वर्षांनी पहिल्यात कोरडे सोनखत मिळते. सेप्टिक टाकीचा गाळ असा आपोआप निर्धोक होत नाही.

व्यवस्था : 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत मिशनच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात या कामासाठी दरडोई 230 रुपयांपर्यंत तरतूद करण्यात आली. सातारा नगरपालिकेच्या केंद्रात शेजारच्या गावांचा गाळ घेण्याची व्यवस्था करण्यात आली. वाई व सिन्नर या शहरांनी तक्रारीची वाट न पाहता दर तीन वर्षांनी पाळीपाळीने उपशाची पद्धत बसवली. ग्रामपंचायतीला हाच मार्ग परवडणारा आहे : प्रत्येक टाकीची व शेवटच्या उपशाची नोंद ठेवावी, शेजारच्या गावांबरोबर एक टँकर ठरवावा, खर्च वार्षिक स्वच्छता करात विभागावा आणि गाळ केंद्रावर पोचल्याची पावती मिळाल्यावरच टँकरवाल्याचे पैसे चुकते करावेत.