तिसऱ्या क्रमांकाची सनद

इ. स. १९२१ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, हा खेळ स्त्रियांना अनुचित असल्याचा निर्वाळा देऊन, आपल्या सभासद क्लबांची मैदाने त्यांना बंद केली, आणि पश्चिम जर्मनीच्या संघटनेने १९५५ मध्ये तोच कित्ता गिरवला; ही दोन्ही फर्माने मागे घेतली जाण्यास १९७० चा सुमार उजाडावा लागला, यावरून या खेळाच्या कारभाऱ्यांची मती कोणत्या गतीने चालत होती याची कल्पना यावी. पुढे १९८६ मध्ये मेक्सिकोतील फिफाच्या अधिवेशनात नॉर्वेच्या प्रतिनिधी एलेन विल्ले यांनी स्त्रियांच्या विश्वस्पर्धेची मागणी मांडली, १९८८ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात निमंत्रितांची एक स्पर्धा नमुन्यादाखल भरवून पाहण्यात आली, आणि तिचा अनुभव समाधानकारक आल्यावर त्याच प्रांतात नोव्हेंबर १९९१ मध्ये पहिली विश्वस्पर्धा भरवण्यास मंजुरी मिळाली. मंजुरी मिळाली खरी, पण हात आखडता घेऊनच! ‘विश्वचषक’ हे नाव देण्याचे टाळून स्पर्धेस चॉकलेटच्या गोळ्यांच्या एका छापाचे नाव जोडण्यात आले, आणि सामना नव्वदऐवजी ऐंशी मिनिटांचा ठरला; उरलेल्या दहा मिनिटांत स्त्रियांवर कोणते अरिष्ट ओढवणार होते, हे त्या कारभाऱ्यांनाच ठाऊक.

संघ बारा, गट तीन. विजयास दोन गुण, बरोबरीस एक. प्रत्येक गटातील पहिले दोन संघ उपांत्यपूर्व फेरीत जावयाचे, आणि तिन्ही गटांतील तिसऱ्या संघांपैकी जे दोन सरस ठरतील त्यांनाही तीच सनद मिळावयाची, अशी तजवीज होती. पुष्कळांची दृष्टी अंतिम सामन्यावरच खिळून राहते. परंतु त्या स्पर्धेचे मर्म मला तरी या गटसाखळीत, एका पराभवाला माफी देणाऱ्या तिच्या उदार शिरस्त्यात दिसते. १६ नोव्हेंबरला ग्वांगझूच्या तिआन्हे मैदानावर सुमारे पासष्ट हजार प्रेक्षकांसमोर चीनने नॉर्वेला चार गोलांनी धूळ चारली. बाद पद्धत असती तर नॉर्वेचा गाशा त्याच रात्री गुंडाळला गेला असता. साखळीने मुदत दिली, त्या मुदतीत त्यांनी न्यूझीलंड व डेन्मार्क यांना हरवले, आणि पंधरवड्याच्या आत अंतिम सामन्यात अमेरिकेपुढे उभ्या राहून केवळ एका गोलाने विजेतेपद गमावले.

पण याहून विलक्षण कथा चिनी तैपेईची. इटलीकडून पाच आणि जर्मनीकडून तीन गोल पत्करून आलेला हा संघ २१ नोव्हेंबरला च्यांगमन येथे नायजेरियाशी खेळावयास उतरला, आणि सहाव्याच मिनिटाला त्याची गोलरक्षक लिन हुई-फांग हिला पंचांनी लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढले. स्त्रियांच्या विश्वस्पर्धेतील ते पहिले लाल कार्ड. बाकीचा सारा सामना दहा जणींनी रेटला, आणि पूर्वार्धात एक व उत्तरार्धात एक असे दोन गोल करून जिंकला. आता हिशेबाची गंमत पाहावी. दुसऱ्या गटात तिसऱ्या आलेल्या ब्राझीलचेही गुण दोन, आणि केलेल्या व खाल्लेल्या गोलांची वजाबाकी दोघांचीही उणे सहा. फरक एवढाच, की ब्राझीलचा सबंध साखळीत एक गोल होता, तैपेईचे दोन. आणि त्या एका जादा गोलावर तैपेई आत आणि ब्राझील बाहेर! उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेने तैपेईवर सात गोल चढवले, त्यांतले पाच एकट्या मिशेल एकर्सचे, हा भाग निराळा.

बारा संघ, तीन गट आणि तिसऱ्यांना सवलत, हीच घडण जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रात भरलेल्या स्त्रियांच्या आशियाई चषकाची होती. पण तिथे यजमान भारताला साखळीची मुदत उपभोगताच आली नाही. २० जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर इराणशी गोलशून्य बरोबरी झाली, आणि तीन दिवसांनी तैपेईविरुद्धच्या सामन्यासाठी, कोविडच्या लागणीमुळे, नियमाप्रमाणे आवश्यक तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात. संघाने माघार घेतली असे धरण्यात आले, आणि इराणशी खेळून झालेला तो सामनासुद्धा दप्तरातून रद्दबातल ठरला. त्या गटातून चीन आणि तैपेई पुढे गेले. तैपेई ३० जानेवारीला पुण्याच्या बालेवाडीत फिलिपिन्सकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरली, आणि फिलिपिन्सच्या स्त्रियांना त्या विजयाने विश्वचषकाची पहिली पात्रता मिळाली.