मुखवेदनेचे मापन : प्रतिक्षेपाकडून चिन्हाकडे

वेदनाशामक औषधांच्या संशोधनातील मूळ अडचण अशी की, प्रयोगातील प्राणी आपली वेदना बोलून सांगू शकत नाही. म्हणून त्याच्या वर्तनातील एखादी खूण वेदनेच्या जागी मानावी लागते. ही खूण कशी बदलत गेली, हाच ह्या मापनाचा इतिहास होय.

१९४१ मध्ये डामूर व स्मिथ ह्यांनी उंदराच्या शेपटीवर उष्ण किरण टाकून ती किती वेळात झटकली जाते, हे मोजण्याची पद्धत मांडली. पद्धत सुटसुटीत होती. परंतु तीत मोजला जातो तो प्रतिक्षेप. मेंदूशी संबंध तुटला तरी केवळ मज्जारज्जूच्या बळावर तो घडू शकतो. उलट, स्नायू शिथिल करणारे द्रव्यही ह्या कसोटीत वेदनाशामक भासू शकते.

चेहऱ्याच्या वेदनेत ही उणीव स्पष्ट झाली. १९९४ मध्ये व्हॉस व त्यांचे सहकारी ह्यांनी उंदराच्या डोळ्याखालील मज्जातंतूभोवती सैल गाठी बांधल्या. पहिले सुमारे दोन आठवडे हे प्राणी चेहऱ्यावरील स्पर्शाला नेहमीपेक्षा कमी प्रतिसाद देत. पण त्याच काळात ते पुढच्या पायांनी चेहरा वारंवार घाशीत. पुढे घासणे कमी झाले आणि हलक्या स्पर्शालाही ते तीव्र प्रतिसाद देऊ लागले. केवळ स्पर्शाची कसोटी लावणाऱ्याने पहिल्या काळात वेदना नाहीच, असे ठरविले असते.

प्राण्यांच्या मुद्रेतही भाव प्रकटतात, हे डार्विनने १८७२ मध्येच मांडले होते. तरीही लहान जातीच्या उंदरांची वेदनामुद्रा मोजण्याची श्रेणी मॅकगिल विद्यापीठातील मोगिल ह्यांच्या गटाने प्रसिद्ध केली ती २०१० मध्ये. मिटत जाणारे डोळे, फुगलेले नाक, फुगलेले गाल, कानांची ठेवण व मिशांची ठेवण ह्या पाच लक्षणांना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण दिले जातात. २०११ मध्ये मोठ्या जातीच्या उंदरांसाठी अशीच श्रेणी तयार झाली, तेव्हा त्यांचे नाक व गाल वेदनेत फुगत नसून चपटे होतात, असे आढळले. एकच ध्वनी दोन भाषांत भिन्न अर्थ देतो, तसेच हे आहे : चिन्हाचा अर्थ त्या त्या जातीतच निश्चित करावा लागतो.

वेदना व्यक्त करण्याच्या अनेक वर्तनांपैकी बोलणे हे केवळ एक होय, हे आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघाच्या २०२० च्या सुधारित व्याख्येसोबतच्या टिपांत नमूद आहे. औषध स्वीकारावे की टाकावे, हा निर्णय शेवटी ह्या मूक चिन्हांच्या अचूक वाचनावर अवलंबून असतो.