शालेय इतिहास-अध्यापनातील दृश्यकथन : चित्रकथी ते संगणक

प्रस्तावना :
चित्रांच्या आधारे कथा सांगण्याची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवीत कथन करीत आले आहेत. आज माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला संगणकाच्या साहाय्याने चित्र, ध्वनी व निवेदन एकत्र गुंफता येते. इतिहास-अध्यापनात या साधनाचा उपयोग कोणत्या अटीवर व्हावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
कल्याणच्या महादेव पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ पडद्यावर दाखविले. १९७५-७६ मध्ये 'साइट' या उपग्रह-प्रयोगातून सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. तीत शाळकरी मुलांसाठीही कार्यक्रम होते. पुण्यात १९८४ मध्ये 'बालचित्रवाणी' स्थापन झाली; ती २०१७ मध्ये बंद पडली. २००४ मध्ये शिक्षणासाठी 'एज्युसॅट' उपग्रह सोडण्यात आला. माध्यमे बदलली, परंतु विद्यार्थी बहुतांशी प्रेक्षकच राहिला.

१९९० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात डॅना ॲचली व ज्यो लॅम्बर्ट यांनी कार्यशाळांतून 'डिजिटल कथाकथन' रुजविले. सामान्य व्यक्तीने स्वतःची छायाचित्रे व स्वतःचा आवाज वापरून काही मिनिटांची कथा रचणे, हे त्याचे स्वरूप होय. येथे प्रेक्षक निवेदक झाला.

चित्र हेही साधनच :
निवेदक होताच विद्यार्थ्यावर इतिहासकाराची जबाबदारी येते. शिवछत्रपतींचे म्हणून एकेकाळी भलत्याच व्यक्तीचे चित्र प्रचलित होते, वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतील चित्र प्रकाशात आणून ती चूक दाखवून दिली. लिखित साधनाप्रमाणे चित्राचीही चिकित्सा आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट होते.

समजा, नववीतील एखादी विद्यार्थिनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर गेलेल्या आपल्या आजीची आठवण ध्वनिमुद्रित करते. आजीचा आवाज हे अस्सल मौखिक साधन आहे. मात्र त्यावर महाजालातून घेतलेले अन्य प्रदेशातील, अन्य काळातील दुष्काळाचे छायाचित्र जोडले, तर कथा परिणामकारक होईल, पण इतिहास खोटा ठरेल. म्हणून चित्र कोणाचे, केव्हाचे, कोठून मिळाले आणि त्यावरून काय सिद्ध होत नाही, या चार नोंदी प्रत्येक चित्रासाठी अनिवार्य कराव्यात. योग्य चित्र न मिळाल्यास पडदा कोरा ठेवावा व केवळ आजीचा आवाज ऐकवावा.

निष्कर्ष :
दृश्यकथनाचे मूल्यमापन चित्रफितीच्या आकर्षकतेवर न करता नोंदींच्या प्रामाणिकपणावर व्हावे. तसे झाले तरच आजीची आठवण पुराव्याच्या मोलाने पुढील पिढीपर्यंत पोहोचेल.