विजयदुर्ग

विजयदुर्ग : महाराष्ट्र राज्याच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्यातील इतिहासप्रसिद्ध सागरी किल्ला व बंदर. ते वाघोटण खाडीच्या मुखाशी, दक्षिण तीरावरील भूशिराच्या टोकावर वसले आहे. जवळच्या गिर्ये गावावरून किल्ल्यास ‘घेरिया’ असे जुने नाव पडले व इंग्रजी कागदपत्रांत तेच रूढ झाले. मुंबई–गोवा महामार्गावरील तळेरे येथून हे ठिकाण पश्चिमेस सुमारे ५० किमी. आहे.

भूवर्णन : पश्चिमेस अरबी समुद्र व उत्तरेस वाघोटण खाडी यांच्यामध्ये हा प्रदेश जिभेसारखा पुढे आलेला आहे. त्याचा माथा जांभा खडकाचा सपाट सडा असून कडा समुद्राकडे एकदम तुटलेल्या आहेत. पावसाळ्यात हिरवा होणारा सडा उन्हाळ्यात उघडा पडतो. त्याच्या उतारांवर हापूस आंब्याच्या बागा, तर खालच्या वाड्यांत नारळी-पोफळी आढळतात. मासेमारी व आंबा हे येथील लोकांचे मुख्य आधार होत. भूशिराच्या आडोशामुळे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर बंदरात कमी जाणवतो. कोकणातील अनेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचून जहाजांना अडथळा होतो. तसा तो येथे नसल्याने खोल पाण्याचे हे बंदर सर्व ऋतूंत वापरता येई. विजयदुर्गाच्या इतिहासाची दिशा प्रामुख्याने या भूरचनेने ठरविली.

इतिहास : परंपरेनुसार मूळ किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला. पुढे तो आदिलशाहीकडे होता. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात छत्रपती शिवाजी महाराजांनी तो जिंकून त्याची तटबंदी वाढविली आणि त्यास विजयदुर्ग हे नाव दिले. अठराव्या शतकाच्या आरंभी सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे एक प्रमुख ठाणे बनले. इंग्रजांनी १७१७ व १७२० मध्ये, तर डचांनी १७२४ मध्ये केलेले हल्ले निष्फळ ठरले. १७२० च्या स्वारीसाठी इंग्रजांनी ‘फ्राम’ नावाचा तरता तोफखाना मुद्दाम बांधला होता. त्याचाही उपयोग झाला नाही.

कान्होजींच्या मृत्यूनंतर (१७२९) आंग्रे घराण्यात फूट पडली. कुलाबा मानाजीकडे, तर विजयदुर्ग प्रथम संभाजीकडे व नंतर तुळाजीकडे गेला. तुळाजीने पेशव्यांचे वर्चस्व मानले नाही. तेव्हा बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांनी त्याच्याविरुद्ध मुंबईकर इंग्रजांची मदत घेतली. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचे आरमार व क्लाइव्हचे पायदळ विजयदुर्गावर आले. जमिनीकडून रामाजी महादेव याच्या हाताखाली पेशव्यांची फौज होती. १२ फेब्रुवारीच्या भडिमारात बंदरातील एका जहाजाला आग लागली व ती पसरून आंग्ऱ्यांचे जवळजवळ सर्व आरमार जळाले. त्या रात्री क्लाइव्हने सैन्य उतरवून किल्ला व पेशव्यांची छावणी यांच्यामध्ये ठाण मांडले. दुसऱ्या दिवशी किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले.

केवळ समुद्राकडून झालेल्या हल्ल्यांना न नमलेला हा किल्ला जमीन व समुद्र या दोन्ही बाजू शत्रूच्या हाती जाताच पडला. एका सरदारास नमविण्याच्या प्रयत्नात मराठ्यांचे प्रबळ आरमार नष्ट झाले आणि पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उरला नाही. म्हणूनच अनेक इतिहासकार या घटनेस नानासाहेबांची मोठी राजकीय चूक मानतात.

ऑक्टोबर १७५६ च्या तहान्वये बाणकोट इंग्रजांकडे ठेवून विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला. तेथे पेशव्यांच्या आरमाराचे सुभे स्थापन झाले. त्यांचे सरदार आनंदराव धुळप यांनी एप्रिल १७८३ मध्ये ‘रेंजर’ हे इंग्रजी जहाज जिंकले. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला व त्याचे लष्करी महत्त्व संपले. विसाव्या शतकात मुंबई–गोवा मार्गावरील आगबोटी येथे थांबत; ही वाहतूक बंद पडल्यावर बंदराची वर्दळ ओसरली.

प्रेक्षणीय स्थळे : किल्ल्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ हेक्टर असून त्यास तिहेरी तटबंदी व २७ बुरूज आहेत. जमिनीच्या बाजूस पूर्वी खंदक होता. प्रवेशमार्ग वळणाचा असल्याने दरवाजा बाहेरून सरळ दिसत नाही. आत कोठारे, तलाव व खूबलढा बुरूज ही स्थळे पाहावयास मिळतात. पश्चिमेकडील समुद्रात पाण्याखाली दगडी भिंत आढळली असून गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिची पाहणी केली आहे. खाडीत आत सुमारे १०९ मी. लांब व ६९ मी. रुंद अशा जुन्या गोदीचे अवशेष आहेत. भरतीच्या पाण्याबरोबर जहाजे तीत घेऊन दुरुस्त करीत. गिर्ये येथील रामेश्वर मंदिराकडे जाणारी वाट जांभा फोडून केलेली आहे.

किल्ल्यातील काही चौथरे ‘सायबाचे ओटे’ म्हणून ओळखले जातात. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात येथूनच लॉकयर यांनी हेलियमचा शोध लावला, अशी समजूत रूढ आहे व त्या निमित्ताने १८ ऑगस्टला येथे हेलियम दिन साजरा होतो. वस्तुतः १८६८ चे ते ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून पाहिले. लॉकयर यांनी सौर ज्वालांच्या वर्णपटाचे निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये केले. ते विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्यापूर्वीच, १८९५ मध्ये, रॅम्झी यांनी पृथ्वीवर हेलियम मिळविला होता. त्यामुळे विजयदुर्गाचे खगोलशास्त्रीय महत्त्व १८९८ च्या निरीक्षणांमुळे आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने जागतिक वारसा यादीत समाविष्ट केलेल्या बारा किल्ल्यांत विजयदुर्गाचा अंतर्भाव आहे.