चकतीत मावलेला टीव्ही

इतिहासाची साधनं म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट येतात, बखरी येतात, मोडीतले कागद येतात. आज आम्ही ज्या साधनाबद्दल बोलणार आहोत, ते निगडी-प्राधिकरणातल्या पुष्कळ घरांत टीव्हीखालच्या कपाटात किंवा माळ्यावर पडलेलं आहे. घरी भरलेल्या डीव्हीडी. वर मार्करनं काहीतरी खरडलेलं, डब्यात एकावर एक रचलेल्या. या चकत्यांमध्ये काय राहिलं, काय कापलं गेलं आणि का, हा आजचा विषय.

सुरुवात १९७२ पासून करू. त्या वर्षी मार्चमध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. म्हणजे आपलं प्राधिकरण आणि मराठी टीव्ही दोघं एकाच वयाची. पण प्राधिकरणाचे नकाशे, सातबारे, भूसंपादनाचे कागद कुठे ना कुठे दप्तरात राहिले; टीव्हीचं तसं झालं नाही. सुरुवातीचं बरंचसं थेट प्रक्षेपित व्हायचं, टेपवर उतरायचंच नाही. जे उतरायचं त्यातल्या पुष्कळ टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, कारण टेप महाग होती. हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीनंही साठ-सत्तरच्या दशकात आपले कार्यक्रम असेच पुसले, आणि त्यातले काही भाग पुढे प्रेक्षकांनी आणि संग्राहकांनी परत मिळवून दिले. हा धागा लक्षात ठेवा. जे संस्थेनं पुसलं ते कधीकधी घरात सापडतं.

आता २००० नंतरचं दशक घ्या. जनगणनेप्रमाणे पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ मध्ये साधारण १० लाख होती, २०११ मध्ये १७ लाखांच्या वर गेली. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून माणसं आली. कुणाचा मुलगा अमेरिकेत गेला, कुणाची बहीण गावाकडेच राहिली. घरात मराठी वाहिन्या आल्या, आणि त्याच सुमाराला संगणकही आला. त्या संगणकात ट्यूनर कार्ड बसवलं की केबलची वायर थेट त्यात जोडता यायची. कार्यक्रम लागला की रेकॉर्ड. आपल्यातल्या कित्येकांनी हे केलंय, किंवा सोसायटीतल्या एखाद्या दादाकडून करून घेतलंय.

आणि मग अडचण यायची ती फाइलच्या आकाराची. एक उदाहरण घेऊ. ८ फेब्रुवारी २००९ ला झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ची अंतिम फेरी झाली आणि आपल्या शेजारच्या आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली. तो दिवस या भागातल्या लोकांना वेगळा सांगायला नको. समजा कुणी त्या रात्रीचं तीन तासांचं रेकॉर्डिंग केलं. बऱ्या दर्जात तासाला साधारण ३ जीबी, म्हणजे झाली ९ जीबीची फाइल. त्या काळी पुष्कळांच्या घरातली हार्ड डिस्क होती ८० जीबीची. एवढी फाइल तिथे कायमची ठेवणार कशी? ती चकतीवर उतरवायची. चकती ४.७ जीबीची, म्हणजे ४७० कोटी बाइट. संगणक १०२४ च्या पटीत मोजतो म्हणून तिथे दिसायचे ४.३८.

आता ९ शेर दूध साडेचार शेराच्या भांड्यात कसं मावायचं? पहिला उपाय म्हणजे जाहिराती काढणं. सरकारी नियमाप्रमाणे तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिरात चालायची. त्या हिशोबानं तीन तासांतली ३६ मिनिटं गेली तर फाइल उरते ७.२ जीबीची. तरी मावत नाही. मग दुसरा उपाय, पुन्हा दाबणं. उरलेली १४४ मिनिटं म्हणजे ८,६४० सेकंद. ४७० कोटी बाइटना आठनं गुणा, सेकंदांनी भागा, आवाजाचा वाटा वजा करा: सेकंदाला साधारण ४१ लाख बिट चित्राच्या वाट्याला येतात. मूळ रेकॉर्डिंगच्या मानानं एक तृतीयांशाहून जास्त माहिती टाकून द्यावी लागते. संगणक हे काम रात्रभर करत बसायचा. वीज गेली की सगळं पहिल्यापासून. तिसरा उपाय म्हणजे ओळीतले ७२० ठिपके ३५२ वर आणणं. आणि चौथा, सरळ दोन चकत्या करणं. त्यात हिशोब कमी, पण नातेवाइकांना पाठवताना खर्च आणि कटकट दुप्पट.

इथे थोडं आतलं यंत्र समजून घेऊ, कारण पुढचा मुद्दा त्यावरच उभा आहे. डीव्हीडीच्या पद्धतीत, म्हणजे एमपेग-२ मध्ये, प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रं. त्यातलं साधारण दर १२ ते १५ चित्रांमागे एक पूर्ण असतं. मधल्यांमध्ये फक्त काय बदललं ते लिहिलेलं असतं. म्हणून पुन्हा न दाबता कापायचं असेल तर कात्री पूर्ण चित्रावरच लावावी लागते. परिणाम काय? जाहिरात काढली तरी अर्धा सेकंद तिचा तुकडा राहून जातो. गाणं संपतं, एका साबणाची वडी चमकते, पुढचं गाणं सुरू. ज्यांच्याकडे या चकत्या आहेत त्यांना ही उडी माहीत असेल.

त्या काळी ती उडी म्हणजे दोष वाटायची. आज इतिहास म्हणून पाहिलं तर तो अर्धा सेकंदच मोलाचा ठरू शकतो. गाणं वाहिनीकडे असण्याची शक्यता आहे. पण मधल्या जाहिराती, खाली पळणारी बातमीची पट्टी, ‘थोड्याच वेळात’ची घोषणा हे कोण जपून ठेवणार? २००९ मध्ये मराठी घराला कोण काय विकत होतं, कुठल्या भाषेत विकत होतं, घराच्या कर्जाची जाहिरात कशी होती, हे कळायची जागा तीच. आणि नेमकी तीच आपण आधी कापली, कारण चकतीचं माप तसं होतं.

याच्या अगदी उलट वागलेली एक बाई अमेरिकेत होऊन गेली. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी टीव्ही दिवसरात्र रेकॉर्ड केला. सुमारे ७०,००० टेप. काही निवडलं नाही, काही कापलं नाही. बातम्या, जाहिराती, सगळं आलं तसं. पुढे हा संग्रह इंटरनेट अर्काइव्हकडे गेला. प्रत्येक घराला हे परवडणारं नव्हतं, हे उघड आहे. पण न कापलेल्या रेकॉर्डिंगची किंमत काय असते ते यातून दिसतं.

मग प्रश्न येतो, हे काम घरांवर का पडावं? आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. पुस्तक छापलं की प्रकाशकानं ठरावीक ग्रंथालयांना प्रत द्यायची. सिनेमासाठी १९६४ पासून पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. टीव्हीचं प्रक्षेपण मात्र त्या १९५४ च्या कायद्यात बसत नाही. फ्रान्सनं १९९२ च्या कायद्यानं रेडिओ-टीव्हीलाही प्रत जमा करण्याचं बंधन घातलं. आपल्याकडे तसं नाही, म्हणून कपाटातल्या चकत्यांना महत्त्व.

त्यातही सगळ्यात नाजूक काय, तर केबलवाल्याचं स्वतःचं चॅनेल. आठवतंय ना? गणपती विसर्जन, महापालिकेचे निकाल, तुकोबांच्या पालखीचा आकुर्डीतला मुक्काम, मधेच दुकानांच्या जाहिरातींच्या पाट्या. मोठ्या वाहिनीचा कार्यक्रम कुठेतरी असेल. याची दुसरी प्रत बहुतेक वेळा नसतेच. आणि असं रेकॉर्डिंग कुणी केलंच, तर तेच सर्वांत जास्त दाबलं गेलं. दाबण्याचा पहिला फटका बसतो गर्दीला आणि हालचालीला. स्पर्धेतल्या गायिकेचा चेहरा स्वच्छ राहतो. दिंडीतल्या माणसांचे चेहरे चौकोनी ठिपके होतात. ज्यांची दुसरी नोंद कुठेच नाही तीच माणसं पुसट होतात.

पुढे ३१ मार्च २०१३ ही पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये केबल डिजिटल करण्याची मुदत ठरली. सेट-टॉप बॉक्स आले, वायर थेट कार्डाला जोडायची सोय संपली. म्हणजे हा सगळा काळ जेमतेम दहा-बारा वर्षांचा.

आता वेळ कमी आहे, तो असा. कारखान्यात छापलेल्या डीव्हीडीत माहिती प्लास्टिकवर ठशासारखी उमटवलेली असते. घरी भरलेल्या चकतीत ती सेंद्रिय रंगाच्या थरात असते, आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर खराब होतो. वर चिकटवलेली लेबलंही त्रास देतात. म्हणून आमची विनंती साधी आहे. चकती जशी आहे तशी पूर्ण प्रत हार्ड डिस्कवर उतरवा. पुन्हा दाबू नका, आता जागेची टंचाई नाही. ‘व्हिडिओ टीएस’ हे फोल्डर आख्खं ठेवा. साबणाची वडी काढू नका. शेजारी एका कागदावर तारीख, वाहिनी, कुणी आणि कुठे रेकॉर्ड केलं ते लिहा. जुन्या संगणकात न कापलेली मूळ फाइल सापडली तर ती आधी वाचवा. आणि मार्करनं नुसतं ‘पालखी’ लिहिलेली चकती दिसली, तर तिला पहिला नंबर द्या.

बाकी कुठल्या चकत्या वाचत नाहीत, कुठला ड्राइव्ह वापरायचा, हे प्रश्नोत्तरांत घेऊ. ज्यांनी डबे सोबत आणलेत त्यांनी पुढे यावं.