गोवळकोंड्याचा समुद्र

कुतुबशाही अमलात गोवळकोंड्याचे हिरे, छीट आणि पोलाद ज्या मछलीपट्टण बंदरातून पेगू, आचे आणि इराणपर्यंत जात, आणि जेथे १६०५-०६ च्या सुमारास डचांनी व १६११ मध्ये इंग्रजांनी आपल्या वखारी घातल्या, तेथे मोठे जहाज काठाला लागू शकत नसे; ते दूर समुद्रात नांगर टाकून उभे राही आणि मालाची सारी चढउतार मचव्यांतून गढूळ, उथळ पाण्यावरून होई. जकातीने शाही खजिना भरणाऱ्या बंदराचे हे वैगुण्य मात्र दख्खनच्याच प्रदेशातून गेलेले होते. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज आणि भीमा-तुंगभद्रेचा गाळ घेऊन पूर्वेस याच किनाऱ्याकडे जाते. वाटेत वझिराबादजवळ हैदराबादची मुसी आपला लहानसा वाटा तिच्या स्वाधीन करते.

हा गाळ साठावयास समुद्राचीही संमती लागते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळून समुद्र वर वर चढत आला आणि त्याने नद्यांची मुखे बुडविली. तो चढ सहा-सात हजार वर्षांपूर्वी मंदावला, तेव्हा कोठे कृष्णेला पाण्यातून जमीन काढण्याची फुरसत मिळाली. नदीने टाकावे आणि लाटांनी चाळावे, असा हा संयुक्त कारभार होता. हलका चिखल लाटा दूर नेत, जड वाळू किनाऱ्याशी रचीत, आणि तिरप्या येणाऱ्या लाटांचा ओघ ती वाळू काठाकाठाने ईशान्येकडे सरकवी. त्रिभुज प्रदेशात आजही किनाऱ्याला समांतर असे वाळूचे वरंबे एकामागून एक आढळतात. वरंब्यावर ताडांची रांग आणि गाव, दोहोंमधील सखल पट्टीत भाताची काळी खाचरे. त्यांतील प्रत्येक वरंबा म्हणजे कोणे एके काळचा समुद्रकिनारा. दप्तरखान्यातील कोणत्याही दस्तऐवजापेक्षा मला ही नोंद अधिक विश्वासार्ह वाटते, कारण तिच्यात खाडाखोड करणाराही समुद्रच आहे. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमीने ज्या 'कंटकोस्सिल' पेठेचा उल्लेख केला, ती बौद्ध स्तूपाच्या अवशेषांचे घंटसाल होय, असे विद्वान मानतात. ते गाव आज समुद्रापासून वीसएक किलोमीटर आत आहे.

राज्यकर्त्यांचा हिशेब याहून त्वरित मिटला. १७५९ मध्ये इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल फोर्डने फ्रेंचांपासून मछलीपट्टण घेतले, कुतुबशाहीनंतर हैदराबादवर राज्य करणाऱ्या निजामांपैकी सलाबतजंगाने ते इंग्रजांना बहाल केले, आणि १७६६ च्या तहाने निजामअलीने उत्तर सरकारांचा किनारी मुलूखही कंपनीस दिला. हैदराबादचा समुद्र कागदावर तेथेच संपला. बंदराच्या नशिबी यानंतर १ नोव्हेंबर १८६४ चे वादळ आले. सागराची लाट सखल भूमीवर चढून सुमारे तीस हजार माणसे बुडाली. जी भूमी नदीने अंगुळाअंगुळाने समुद्रातून सोडविली होती, तिला उंची अशी नव्हतीच.

१९६७ साली कृष्णेवरील नागार्जुनसागर धरण पूर्ण झाले आणि नदीचा गाळ त्यात अडू लागला. तत्पूर्वी १८५५ मध्ये विजयवाड्याला बंधारा घातला गेला होता, पण एवढा गाळ अडविण्याचे सामर्थ्य त्याच्यात नव्हते. पुढे नदीवर धरणे वाढत गेली, दख्खनची माती जलाशयांच्या तळाशी बसू लागली, आणि त्रिभुज प्रदेशाच्या मुखाशी, हंसलदीवीच्या बाजूस, काही ठिकाणी समुद्र आता किनारा खात आत सरकत आहे.