न मागता आलेलं कार्ड



पैसा आज आहे, उद्या नाही. पण पत गेली की सारंच गेलं, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगत आली. पेढीवाला पत पाहूनच हुंडी वटवी आणि गावचा वाणी पत पाहूनच उधारी लिही. हल्ली दुकानात ज्या क्रेडिट कार्डावर खरेदी होते, त्याच्याही मुळाशी हीच पत आहे. फरक इतकाच की, वाणी माणसाला ओळखत होता. कार्ड देणारी बँक त्याला पाहतसुद्धा नाही. या फरकामुळे एकदा काय घडलं, ती हकिगत आज सांगणार आहे.

१९५० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅक्नमारा या गृहस्थाने आपल्या जोडीदारांसह 'डायनर्स क्लब' काढला. सभासदाने हॉटेलात जेवावं, पुठ्ठ्याचं कार्ड दाखवावं आणि महिनाअखेर सगळं बिल एकदम चुकतं करावं, अशी ती रीत होती.

पुढचं पाऊल टाकलं बँक ऑफ अमेरिकेने. कॅलिफोर्नियात फ्रेझ्नो नावाचं शहर आहे. भोवताली शेतीचा मुलूख, द्राक्षं आणि बेदाणे यांसाठी प्रसिद्ध. सप्टेंबर १९५८ मध्ये तिथल्या सुमारे ६०,००० लोकांना टपालाने कार्डं आली. कोणी अर्ज केला नव्हता, कोणी मागितली नव्हती! कार्डावर माल घ्यावा, दुकानदाराला बँक आपली दलाली कापून पैसे देई, आणि गिऱ्हाइकाने बँकेचं देणं सवडीने, थोडं थोडं फेडलं तरी चाले. मात्र राहिलेल्या रकमेवर व्याज चढे. खरी मेख इथेच होती.

बँकेचा अंदाज होता की शेकडा चार खाती थकतील. थकली शेकडा बावीस! शिवाय चोरीची कार्डं वापरून लबाडांनी हात धुऊन घेतले. कोट्यवधी डॉलरचा फटका बसला आणि योजनेचे प्रमुख जोसेफ विल्यम्स यांनी १९५९ मध्ये नोकरी सोडली. पण योजना तगली, काही वर्षांत नफ्यात आली, आणि १९७६ पासून तिलाच 'व्हिसा' हे नाव मिळालं.

लोकांची तक्रार मात्र वाढत गेली. अखेर १९७० साली अमेरिकेत कायदा झाला: न मागता कुणाला क्रेडिट कार्ड पाठवायचं नाही, आणि कार्ड हरवून दुसऱ्याने वापरलं, तर धन्यावर पन्नास डॉलरपेक्षा जास्त बोजा टाकायचा नाही. आपल्या रिझर्व्ह बँकेनेही २०२२ सालच्या आपल्या निर्देशांत न मागता कार्ड देण्यास मनाई केली. न मागितलेल्या कार्डाचं बिल आकारलंच, तर ते रद्द करून वर दुप्पट रकमेचा दंड ग्राहकाला द्यावा, असं त्यात सांगितलं.

आता आपल्या घरातलं कार्ड पाहा. २०१४ पासून जनधन खात्यांबरोबर रुपे कार्डं खेड्यापाड्यांत पोहोचली. ती डेबिट कार्डं. त्यांवर खर्च होतो तो आपल्याच खात्यात जमा असलेला पैसा. क्रेडिट कार्डावर होतो तो बँकेचा. दोन्ही दिसायला सारखी. पण एक आपली कणगी, तर दुसरी सावकाराची.

शिक्षकबंधूंनी वर्गात एक हिशेब जरूर घालावा. दहा हजारांची बाकी राहिली आणि व्याज दरमहा शेकडा तीन धरलं, तर महिन्याला तीनशे आणि वर्षाला तीन हजार सहाशे रुपये होतात. व्याजावरचं व्याज निराळंच. 'महिन्याला नुसते तीन टक्के' हे शब्द ऐकायला किती हलके, आणि वर्षाअखेर किती जड!

फ्रेझ्नोच्या लोकांना हा हिशेब घालायला सवडच मिळाली नाही. कार्ड आधी हाती आलं, अक्कल मागून आली. आपल्याला ती सवड आहे. तेव्हा कार्ड घेण्याआधी एकच विचारा: पैसा कुणाचा, माझा की बँकेचा?